माळेगावच्या जत्रेला जनावर न्यायचंय, तर पावडरींवर पैसा घालावा का?

दसरा झाला की आमच्याकडच्या जनावरांच्या मेडिकलवर एकच प्रश्न ऐकायला मिळतो. "माळेगावला गोऱ्हा न्यायचाय, काय चालू करू?" दुकानदार फळीवरून चार डबे काढून पुढं ठेवतो आणि माणूस ते पिशवीत घालून निघतो.

मीही असे डबे आणलेले आहेत. आमचं गाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात; खंडोबाच्या जत्रेचं माळेगावही याच जिल्ह्यात. दावणीला लाल कंधारी गाई, दोन-तीन वासरं आणि एक वळू. जनावर फिरवणं, प्रदर्शनात धरणं हे काम आमच्या घरच्यांचं, पण खुराक आणि त्याचा हिशेब पहिल्यापासून माझ्याकडं. शेंदऱ्या हा आमच्या घरातून प्रदर्शनात उतरलेला पहिला गोऱ्हा. तेव्हा तो दोन दाती होता. त्या सालचं पान वहीत अजून आहे: अडीच महिन्यांत पेंडीवर 3100 रुपये आणि पावडरी-बाटल्यांवर 4860. लिव्हर टॉनिक, बायपास फॅट, कॅल्शियमची बाटली, अमिनो ॲसिडचं लिक्विड आणि केसांना चमक येईल म्हणून दिलेला एक डबा. पेंडीपेक्षा डब्यांवर दीडपट पैसा गेला होता, आणि हे माझ्या लक्षात आलं ते जत्रा उरकल्यावर बेरीज केली तेव्हा.

त्यानंतर मी प्रत्येक वस्तू एकेकटी वापरून, मोजून बघत आले. जे हाती लागलं ते इथं लिहितेय. आधी थोडक्यात उत्तर देते, म्हणजे घाईतल्या माणसाला शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. आपल्या भागातल्या कडब्यावर वाढलेल्या जनावराला खनिज मिश्रण आणि मीठ यांचा खर्च नक्की वसूल होतो. बाकीचं जनावराची नेमकी अडचण बघून घ्यायचं. अडचण माहीत नसेल तर घ्यायचंच नाही.

परीक्षक काय बघतात ते आधी नीट समजून घ्या

प्रदर्शनात आदत (दुधाचे दात असलेलं), दोन दाती, चार दाती, जुळलेलं (सगळे पक्के दात आलेलं) असं वयाप्रमाणं जनावर उभं करतात आणि परीक्षक पहिल्यांदा जात बघतात. लाल कंधारी असेल तर अंगभर एकसारखा लाल रंग, रुंद कपाळ, लांब कान, डोळ्याभोवतीची काळी कड, दोन्ही शिंगांचा सारखा बाक. देवणी असेल तर वानेरा, बालंक्या, शेवेरा यातला प्रकार स्वच्छ दिसायला हवा. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंड काळं, बालंक्या पांढराशुभ्र, शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके-पट्टे. मग वशिंड, गळ्याची पोळी, पाठीची रेघ, पाय, खूर, चाल. यातलं निम्म्याहून जास्त आईबापाकडून आलेलं असतं आणि ते कोणत्याच डब्यात मिळत नाही. शेंदऱ्याचं डावं शिंग किंचित आत वळलेलं होतं. ते मला रोज दिसत होतं, तरी मी 4860 रुपये घातले.

खाण्यानं बदलतं ते एवढंच: अंगावरचं मांस, केसांची चमक, खुराची मजबुती आणि जनावराचा तरतरीतपणा. म्हणून पैसा काढण्याआधी जनावर उन्हात उभं करून स्वतःला विचारा, याच्यात कमी आहे ते खाण्यानं भरून येणारं आहे का?

पोळ्यापासून मोजा

माळेगावला खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. दुसऱ्या दिवशी आपली येळवस (वेळ अमावास्या). पोळ्याच्या अमावास्येपासून मोजलं तर चार महिन्यांना एक दिवस कमी. हे चार महिने हातात असतील तर खाण्यानं फरक पडतो. दिवाळीनंतर जाग आली तर फार थोडा पडतो.

त्याचं कारण जनावराच्या अंगातच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि चारा पचवायचं काम तेच करतात. खाणं बदललं की त्यांना नव्या खाण्याला रुळायला दोन ते तीन आठवडे लागतात. केसांची चमक दिसायला दीड-दोन महिने जातात, कारण जुने केस गळून नवे यावे लागतात. खूर तर महिन्याला जेमतेम पाच मिलिमीटर वाढतो. खुरासाठी बायोटिनची पावडर मिळते आणि ती खोटी नाही, पण ती महिनोन् महिने रोज द्यावी लागते. जत्रेच्या दोन महिने आधी चालू केलेल्या बायोटिनचा चांगला खूर मुळाशी सेंटिमीटरभर आलेला असेल, आणि जमिनीला टेकणारा, परीक्षकाला दिसणारा भाग जुनाच असेल. त्यापेक्षा दीड महिना आधी खूर नीट कापून घ्या आणि कोठ्यात खाली कोरडं ठेवा.

डब्याआधी जंत

ज्या जनावराच्या पोटात जंत आहेत त्याला काहीही चारलं तरी पहिला वाटा जंतांचा. पोळा झाला की मी शेण घेऊन सरकारी दवाखान्यात जाते. तपासून घेतल्याशिवाय औषध पाजत नाही, कारण सगळे जंत एका औषधाला मरत नाहीत. लिंबोटी धरणाच्या कडेनं किंवा कुठल्याही तळ्याच्या पाणथळीत जनावरं चरत असतील तर पर्णकृमी होतात. गोगलगायीच्या वाटेनं ते गवतावर येतात आणि काळजात, म्हणजे यकृतात जाऊन बसतात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, केस राठ होतात, जनावर खातं पण अंगाला लागत नाही. अशा जनावराला लोक महिना-महिना लिव्हर टॉनिक पाजतात आणि वर म्हणतात गुण आला नाही. त्याला पर्णकृमीवरचं वेगळं औषध लागतं. ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लंपी यांच्या लसी जत्रेच्या किमान तीन आठवडे आधी उरकलेल्या बऱ्या. लस टोचल्यावर दोन-चार दिवस जनावर मंदावतं आणि ताकद यायलाही वेळ लागतो.

गव्हाणीत काय आहे, त्याचा हिशेब

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांनी पहिल्याच साली डबे बघून मला सांगितलं होतं, "आधी सकाळी गव्हाणीत काय उरतंय ते बघ." मी तेव्हा मनावर घेतलं नाही. आता रोजची सुरुवात तिथूनच होते. कडब्याची बुडखी उरत असतील तर कुटी नीट होत नाही. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) उरत असेल तर ती भिजलेली, काळी पडलेली आहे. सोयाबीन काढताना पाऊस झाला की गुळीत बुरशी धरते. ती वाळली तरी बुरशीचं विष जात नाही. त्यासाठी टॉक्सिन बाइंडर म्हणून पावडर मिळते. तिचा उपयोग पेंडीत, मक्यात थोडीफार बुरशी असेल तर होतो, तोही मुख्यतः अफ्लाटॉक्सिन या एका विषासाठी. काळी गुळी आणि वर बाइंडर, असं करू नका. ती गुळी उकिरड्यावर टाका. प्रदर्शनाचं जनावर सोडा, गाभण गाईलाही घालू नका.

आता आपला मुख्य चारा, ज्वारीचा कडबा. त्यात प्रथिनं साधारण तीन-चार टक्केच. वाढत्या गोऱ्ह्याला एकूण खाण्यात दहा-बारा टक्के तरी लागतात. ही मोठी तूट आहे आणि ती पेंड, चुनी (डाळीचा चुरा) आणि लसूणघासानं भरून निघते. वही उघडून एक हिशेब दाखवते. सरकी पेंड मी 35 रुपये किलोनं घेतली. तिच्यात प्रथिनं साधारण 22 टक्के, म्हणजे एक किलो प्रथिन पडलं 159 रुपयांना. शेंगदाणा पेंड 50 रुपये किलो, प्रथिनं साधारण 42 टक्के, म्हणजे किलोला 119 रुपये. दिसायला महाग असलेली पेंड स्वस्त पडली. तुमच्या बाजारातला भाव घालून हेच गणित करा, दर महिन्याला करा, भाव बदलत राहतात. आणि वळूला एकट्या सरकी पेंडीवर ठेवू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. तो जास्त गेला तर वळूच्या वीर्यावर परिणाम होतो. लहान वासरांना तर तो सोसतच नाही.

अमिनो ॲसिडच्या लिक्विडचं काय होतं ते मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा फार वाईट वाटलं. माणसाच्या पोटात ते कामाला येतं. गाई-बैलाच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव तेच आधी फोडून खातात. पुढं पोचायचं तर त्याला खास आवरण लागतं. साध्या बाटलीतलं लिक्विड म्हणजे महागडा नत्र (नायट्रोजन). त्याच पैशात दहा किलो शेंगदाणा पेंड आली असती. ब-जीवनसत्त्वाच्या टॉनिकचंही तसंच, निरोगी जनावराच्या पोटात सूक्ष्मजीव ती जीवनसत्त्वं स्वतः तयार करतात. अ-जीवनसत्त्व मात्र हिरव्या चाऱ्यातूनच येतं. रोज चार-पाच किलो हिरवं जात असेल तर त्याचीही बाटली नको. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर राहिलेल्या जनावराला पावसाळ्याच्या तोंडी द्यावी लागली तर डॉक्टरांना विचारून द्या.

मी घरीच खुराक करते. शंभर किलोला मक्याचा भरडा 35, शेंगदाणा आणि सरकी पेंड मिळून 30, गव्हाचा कोंडा 20, तूर किंवा हरभऱ्याची चुनी 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. मोठ्या वळूला दोन ते तीन किलो, दोन वेळा विभागून. सुरुवात अर्ध्या किलोनं करायची आणि दर चार दिवसांनी थोडं वाढवायचं.

जे घ्यावंच असं मला वाटतं

खनिज मिश्रण. कडब्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी असतं. स्फुरद कमी पडलं की जनावर भिंत चाटतं, चिंध्या चघळतं, हाडं तोंडात धरतं. शेंदऱ्याची बहीण कोठ्याची पांढरी माती खरवडून खायची. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम, वाढत्याला 20 ते 30 ग्रॅम. तिला चालू केलं आणि महिन्याभरात तिनं भिंत सोडली. मला कुठल्याही डब्याचा इतका उघड गुण दिसलेला नाही.

खर्च? मी 130 रुपये किलोनं घेतलं. शंभर दिवसांना पाच किलो, 650 रुपये, दिवसाला साडेसहा. पण घेताना पिशवीची मागची बाजू वाचा. आयएस 1664 हा भारतीय मानकाचा आकडा आहे का बघा आणि स्फुरद किती टक्के लिहिलंय ते शोधा. साधारण 12 टक्क्यांच्या आसपास असावं. कॅल्शियम भरपूर आणि स्फुरद पाच-सहा टक्के असेल तर त्यात खडूची भुकटी जास्त आहे. कॅल्शियम स्वस्त असतं, पैसा लागतो तो स्फुरदाला. तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन यांचे आकडेही लिहिलेले असायला हवेत. जिच्या पिशवीवर आकडेच नाहीत ती फुकट दिली तरी नको.

तांब्याबद्दल दोन शब्द, कारण लाल कंधारीवाल्यांना त्याची गरज पडते. तांबं कमी पडलं की लाल केस विटतात, मातकट होतात, डोळ्याभोवती चष्म्यासारखा फिकटपणा येतो. अशा जनावराचा लाल रंग खनिज मिश्रणानं परत येतो, हे मी आमच्याच एका कालवडीत पाहिलं. पण जन्मानंच फिकट असलेलं जनावर गडद होत नाही. आणि तांबं म्हणून कुणी मोरचूद घरच्या घरी चारू नये. ते विष आहे. मेंढ्यांना तर तांबं इतकं बाधतं की गाई-बैलांचं खनिज मिश्रणसुद्धा त्यांच्यापुढं ठेवायचं नसतं. शेळ्या-मेंढ्या एकत्र पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मीठ 30 ग्रॅम रोज. पाच-दहा रुपयांत महिना निघतो. त्यावर अजून काय लिहायचं.

जे अडचणीप्रमाणं घ्यावं

बायपास फॅट ही चरबी पहिल्या पोटात न विरघळता पुढं जाते. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाई-म्हशीला ती खरंच उपयोगी पडते, कारण तिचं खाणं दुधाला पुरत नसतं. गोऱ्ह्याला कशाला? 100 ग्रॅम बायपास फॅटचे माझ्या खरेदीनं 15 रुपये झाले. त्यात जेवढी ऊर्जा तेवढी साधारण 300 ग्रॅम मक्याच्या भरड्यात मिळते, आणि तो पडतो साडेसात रुपयांना. जनावर भरडा पचवू शकत असेल तर दुप्पट पैसा का द्यायचा? केसांच्या चमकेसाठी मी शेवटचे दोन महिने मूठभर जवस भरडून देते, किंवा करडईची पेंड खुराकात थोडी वाढवते. तेवढं तेल पुरतं.

वाटी-वाटी तेल आणि तूप पाजायची पद्धत मात्र सोडा. जास्त तेल चाऱ्यावर थर धरतं, सूक्ष्मजीवांना कडबा पचवता येत नाही आणि जनावर खाणं कमी करतं. त्यातून बांबूच्या नळीनं मान वर करून पाजताना ठसका लागला तर तेल फुप्फुसात जातं. आमच्या शेजारच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) एक बैल तसाच गेला, चौथ्या दिवशी. अजून तो प्रसंग आठवला की पोटात कालवतं. इतकं निरोगी जनावर होतं ते.

यीस्टची पावडर भरपूर खुराक खाणाऱ्या जनावराचं पोट ताळ्यावर ठेवायला थोडी मदत करते. पण ते जिवंत सूक्ष्मजीव असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांत पत्र्याच्या दुकानात तीन महिने पडलेल्या पाकिटात जिवंत किती उरलं असेल? थंड जागेत ठेवणाऱ्याकडून, अलीकडची तारीख बघून घ्या. नाहीतर राहू द्या.

लिव्हर टॉनिक आजारातून उठलेल्या, पर्णकृमीचं औषध दिलेल्या जनावराला डॉक्टर लिहून देतात, तेव्हा द्या. धडधाकट जनावराला मी देत नाही. का ते पुढं सांगते.

कॅल्शियमची बाटली दुभत्या गाईची गरज आहे. गोऱ्ह्याला आणि वळूला ती मी कधीच देणार नाही.

बोकडवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उस्मानाबादी बोकड प्रदर्शनासाठी तयार करताना लोक त्याला धान्य आणि कोंडा भरपूर घालतात. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी होतं, मग मुतखडा अडकतो. बोकड पाय ताणून उभा राहतो, कण्हतो, थेंब-थेंब मुततो. उशीर झाला तर वाचत नाही. कॅल्शियम हे स्फुरदाच्या दुप्पट असावं, पाणी सतत पुढं असावं, तुरीचा-हरभऱ्याचा पाला घालावा. आणि अमोनियम क्लोराइड ही स्वस्तातली पावडर खुराकात अर्धा ते एक टक्का मिसळली तर खडा धरायचं प्रमाण कमी होतं. डॉक्टरांकडून प्रमाण पक्कं करून घ्या. जिथं पावडरीचा पैसा जनावराचा जीव वाचवतो अशी ही जागा आहे, आणि गंमत म्हणजे हिची जाहिरात कुणी करत नाही.

स्वतःच्या कोठ्यात पारख कशी करायची

कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. शिंप्याची फीत घ्या. सकाळी पाणी पाजायच्या आधी, सपाट जागेवर जनावर उभं करा. पुढच्या पायामागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि 660 नं भागा. आलेला आकडा साधारण किलोत वजन. घेर 62 आणि लांबी 54 आली तर 314 किलो. आता गंमत बघा, घेर चुकून 63 मोजला तर उत्तर येतं 324. एका इंचाच्या चुकीनं दहा किलो! म्हणून एकाच माणसानं, तीन वेळा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. कुणी सांगितलं की पंधरा दिवसांत पावडरीनं दहा किलो वाढला, तर फीत कुणी धरली होती ते विचारा.

मी दोन गोऱ्हे घेतले, दोघंही आदत, वयात वीस दिवसांचं अंतर. दोघांना सारखा चारा, सारखा खुराक, सारखं खनिज मिश्रण. एकाला लिव्हर टॉनिक सहा आठवडे, दुसऱ्याला काही नाही. दर पंधरा दिवसांनी मोजमाप. मग पुढचे सहा आठवडे उलट केलं, कारण एखादं जनावर मुळातच वाढीला चांगलं असू शकतं. दोन्ही वेळा फरक अर्ध्या इंचाच्या आत राहिला, म्हणजे फितीच्या चुकीएवढाच. बाटल्यांचे गेले 1140 रुपये. दोन गोऱ्ह्यांवरून साऱ्या जगाला सांगता येत नाही, पण माझ्या कोठ्यात काय आणायचं ते ठरवायला तेवढं पुरे झालं.

एका वेळी एकच वस्तू बदला. चार डबे एकदम चालू केले तर गुण कशाचा ते कळत नाही आणि अपाय झाला तर तोही कशाचा ते कळत नाही. सोबत दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर, त्याच वेळी, त्याच बाजूनं फोटो काढा. रोजच्या डोळ्याला बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

खर्च वसूल होतो का, याचं माझं गणित साधं आहे. रोजचा खर्च गुणिले दिवस, आणि त्याच पैशात पेंड किती किलो आली असती ते बाजूला लिहायचं. दोन आकडे शेजारी आले की हात आपोआप थांबतो.

शेवटचे पंधरा दिवस

शेंदऱ्याचं नुकसान मी याच दिवसांत केलं. जत्रेला पाच दिवस उरले होते, त्याची कुशी मला खपाट वाटायला लागली. मी भरडा एकदम दीड किलोनं वाढवला आणि चमकेचा नवा डबाही त्याच दिवशी फोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रवंथ करणं बंद केलं. शेण पातळ, आंबूस वासाचं. धान्य एकदम वाढलं की पोटात आम्ल होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी खायचा सोडा आणि औषधं देऊन त्याला वाचवलं, पण दोन दिवस तो कडब्याच्या चार काड्यांवर होता. आम्ही त्याला नेलं तेव्हा तो आधीपेक्षा जास्त खपाट दिसत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून मी ट्रकजवळ किती वेळ उभी होते. जनावर बोलत नाही आणि आपण हौसेपायी त्याला त्रास दिला, हे विसरता येत नाही.

म्हणून आता जत्रेआधी पंधरा दिवस खुराकाला हात लावत नाही. वाढवत नाही, कमी करत नाही, नवं काही आणत नाही. पोट भरलेलं दिसावं तर चांगला, बारीक कुटी केलेला कडबा आणि मनमुराद पाणी. जत्रेच्या सकाळी मिठाचं पाणी पाजून पोट फुगवायचा प्रकार कुणी सांगतात, करू नका. ताकदीची म्हणून कुणी सुई द्यायला आलं तर त्याला वाट दाखवा.

चमकेसाठी पैसे न लागणारी वस्तू म्हणजे खरारा. रोज सकाळी वीस मिनिटं, केसांच्या दिशेनं, मग ओल्या फडक्यानं पुसून. दोन महिने सलग. आमचा धाकटा शाळेत जायच्या आधी हे काम करतो आणि गोऱ्हा त्याच्या हाताला इतका सरावतो की प्रदर्शनात परीक्षकानं अंगाला हात लावला तरी बुजत नाही. तेल चोळू नका, धूळ चिकटते. रिठ्याच्या पाण्यानं आदल्या दिवशी धुतलं की पुरे.

जाताना घरचा कडबा, घरचा खुराक आणि दोन ड्रम घरचं पाणी सोबत न्या. परक्या पाण्याला काही जनावरं तोंड लावत नाहीत आणि पाणी कमी पडलं की खाणंही कमी होतं. शंभर किलोमीटरवरून येणारे तर एक दिवस आधीच पोचलेले बरे.

परत आल्यावर खुराक एकदम तोडू नका. दहा-बारा दिवसांत हळूहळू उतरवा. आणि जत्रेतून आलेलं जनावर तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याची बादली आणि गव्हाण वेगळी ठेवा. तिथं कुठकुठली जनावरं एकमेकांच्या श्वासाला आलेली असतात. आम्ही आखाड्याच्या पलीकडच्या लिंबाखाली बांधतो. लेकरं तिकडं धावतात. त्यांना आधीच बजावून ठेवते: त्याला हात लावला तर हात धुतल्याशिवाय वासरांकडं जायचं नाही.